सिनेमा बघून आलेल्या बायका काय बोलतात?

आपल्या बैठकांत रेशन, पाणी, पोटगी, दारू, मुलींचं शिक्षण या सगळ्यांवर बोलायला वेळ राखून ठेवलेला असतो. सिनेमावर बोलायला नसतो. तो विषय निघतो तो बैठक सुरू व्हायच्या आधी, सतरंजी अंथरताना, किंवा बचतीच्या वहीवर सह्या झाल्यावर चपला शोधताना. ‘ती अशी का वागली?’, ‘मी असते तर दाखवलं असतं’, ‘त्या सासूला चांगली धरून आपटायला पाहिजे होती’ अशी वाक्यं येतात, हसणं होतं, आवाज चढतात. मग कुणीतरी कार्यकर्ती म्हणते, “चला बायांनो, आता कामाचं बोलू या.”

माझं म्हणणं असं आहे की, जे चाललं होतं तेही कामाचंच होतं.

गेली दहाएक वर्षं मी नाशिकमध्ये वस्तीपातळीवर काम करते आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला जाणाऱ्या, घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या, हंगामात दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत मजुरीला जाणाऱ्या बायकांचे बचतगट, आणि आठवड्यातून दोन दिवस कौटुंबिक सल्ला केंद्र. या काळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. ‘नवरा हात उचलतो का?’ या प्रश्नाला जी बाई मान खाली घालून ‘नाही’ म्हणते, तीच पडद्यावरच्या बाईला मारणाऱ्या नवऱ्याविषयी अर्धा तास न थांबता बोलू शकते. सिनेमातल्या बाईबद्दल बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. तिथं घराण्याची अब्रू जात नाही, चारचौघींत स्वतःचं दुखणं उघडं पडत नाही. दुसऱ्या बाईच्या आडून आपलं सांगता येतं. आपल्या आज्या जात्यावर हेच करत होत्या.

पडद्यावरची बाई आणि पडद्यासमोरची बाई

सिनेमा आणि नाशिक यांचं नातं जुनं आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम करायला एकही बाई मिळाली नाही आणि अण्णा साळुंखे या तरुणाला लुगडं नेसवावं लागलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. त्याच वर्षी फाळके आपली कंपनी घेऊन नाशिकला आले आणि इथं केलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. आपल्या देशाच्या पडद्यावर बाई आली ती नाशिकच्या भूमीवर. आणि पडद्यामागे सरस्वतीबाई फाळके होत्याच. फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं त्यांनी केली, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधला. त्यांच्या नावाआधी ‘दादासाहेबांच्या पत्नी’ एवढंच लागतं. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पडद्यासमोरच्या बाईचं काय झालं? आपल्याच जिल्ह्यातलं मालेगाव घ्या. यंत्रमागावर राबणाऱ्या या गावाचं सिनेमावेड साऱ्या देशाला ठाऊक आहे. तिथल्या पोरांनी पदरमोड करून ‘मालेगाव के शोले’सारखे सिनेमे काढले. त्यांच्यावर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला आणि पुढे रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपटही आला. पण या सिनेमांत काम करायला गावातल्या मुली मिळत नसत, नट्या बाहेरून आणाव्या लागत. नोव्हेंबर २०२३मध्ये तिथल्या ‘मोहन’ चित्रपटगृहात ‘टायगर ३’ चालू असताना सलमान खानच्या चाहत्यांनी आतच फटाके आणि रॉकेट उडवले. लोक जीव मुठीत धरून पळाले, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. वर्तमानपत्रांनी याला ‘चाहत्यांचं प्रेम’ असंही म्हटलं.

बघा, चाहता म्हटला की डोळ्यापुढे असाच कोणीतरी येतो: शिट्टी वाजवणारा, नाणी उधळणारा, पोस्टरला दूध घालणारा. ‘चाहती’ हा शब्द आपल्या तोंडी सहसा येतच नाही. बाई सिनेमा बघते, रडते, डोळे पुसून घरी जाऊन भाकरी टाकते. तिच्या मताला मत म्हणायची आपल्याला सवयच नाही.

रडणं म्हणजे होकार नव्हे

१९९१ साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ आला. तो आधीच्या एका राजस्थानी चित्रपटावर बेतलेला होता. गावोगावच्या बायका एसटीनं, बैलगाडीनं, ट्रॅक्टरवर बसून तो बघायला गेल्या. माझ्या आईच्या वयाच्या बायका अजून सांगतात की, घरून निघतानाच जास्तीचा रुमाल बरोबर घेतला होता. अलका कुबल यांनी रंगवलेली ती सोशिक लेक आणि उषा नाडकर्णींची ती सासू घराघरांत जाऊन बसली.

चळवळीतल्या अनेक जणींनी या चित्रपटावर कडक टीका केली, आणि ती रास्तच होती. सोसणाऱ्या बाईची पूजा बांधायची म्हणजे तिला आणखी सोसायला सांगायचं. दोष सगळा सासूच्या माथी मारायचा म्हणजे नवऱ्याला आणि बापाला मोकळं सोडायचं. छळाविरुद्धचं ४९८अ हे कलम १९८३ साली आलं होतं. चित्रपट आला तेव्हा त्याला आठ वर्षं झाली होती. तरी बायकांसमोर उभं केलं गेलं ते माहेरच्या साडीचं स्वप्नच.

हे सगळं मान्य करूनही मला एक गोष्ट मांडायची आहे. आपण त्या बायकांच्या रडण्याचा अर्थ फार लवकर लावला. त्या रडल्या म्हणजे त्यांना ते पटलं, असं आपण धरून चाललो. आमच्या गटातल्या साठीच्या एका मावशींना मी विचारलं, “मावशी, तुम्ही एवढ्या का रडलात?” त्या म्हणाल्या, “तिच्यासाठी कुठं रडले? घरी रडायला जागा नव्हती ना बाई. अंधारात बरं होतं, शेजारची पण रडतच होती.”

हे उत्तर मी पुन्हा पुन्हा स्वतःशी घोळवलं आहे. शेजारची पण रडतच होती. म्हणजे आपल्या घरात जे चाललंय ते आपल्या एकटीचं नशीब नाही, एवढं तरी त्या अंधारात कळलं. चित्रपटानं तिला रडायला जागा दिली, पण बाहेर पडायची वाट दाखवली नाही. ती वाट दाखवणं कोंडक्यांचं काम होतं की नव्हतं यावर वाद घालता येईल. आपलं मात्र नक्कीच होतं. थिएटरच्या दाराशी त्या काळी कुणी कायद्याचं पत्रक घेऊन उभं राहिलं असतं, तर!

‘पोरीकडं कोण बघत होतं?’

समाजकार्याच्या वर्गात आम्हाला ‘उंबरठा’ दाखवला होता. जब्बार पटेलांचा १९८२चा चित्रपट, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा. स्मिता पाटीलनं केलेली सुलभा महाजन समाजकार्य शिकलेली, घर आणि लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. वर्गात सगळ्यांचं एकमत होतं. सुलभा बरोबर. पुढच्या तासाला त्यावर निबंध लिहून झाला.

पुढे वस्तीतल्या गटात याच चित्रपटावर बोलणं झालं तेव्हा पहिला प्रश्न आला, “ती गेली ते ठीक, पण पोरीकडं कोण बघत होतं?” उत्तर चित्रपटातच आहे: घरातली जाऊ. मग त्या जावेवरच चर्चा सुरू झाली. तिला मूल नाही, म्हणून तिनं दुसरीचं वाढवायचं हे गृहीतच. तिला कुणी विचारलं का? मोठ्या घरात जाऊ तरी असते, आमच्या खोलीत कोण आहे? एक जण म्हणाली, “मी कंपनीत जाते तेव्हा माझी थोरली शाळा बुडवून धाकट्याला सांभाळते. म्हणजे माझा उंबरठा तिच्या शाळेवरून जातो.”

आमच्या वर्गातल्या एकाही निबंधात हे वाक्य नव्हतं. पाळणाघराची मागणी आपण किती वर्षं कागदावर लिहितो आहोत. त्या दिवशी ती एका चाहतीच्या तोंडून आली, आणि पुढच्या महिन्यात त्याच बायका अंगणवाडीची वेळ वाढवून मागायला अर्ज घेऊन गेल्या.

‘आईला फोन कशाला केला?’

सगळ्यांत जोरात भांडणं झाली ती ‘सैराट’वरून. २०१६चा एप्रिल संपता संपता नागराज मंजुळेंचा हा चित्रपट आला आणि मराठी सिनेमाच्या कमाईचे जुने सगळे आकडे मागे पडले. मुलींनी तो तीन-तीन वेळा पाहिला. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर चालवणारी, आवडलेल्या मुलाकडे सरळ बघणारी नायिका त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती. आयांनी एकदाच पाहिला आणि शेवटानंतर घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत.

गटात तीन मतं पडली. काही जणी म्हणाल्या, आर्चीनं पळून जायलाच नको होतं. काही म्हणाल्या, गेली ते बरोबर, तिथं त्या जिवंत तरी राहिल्या असत्या का? आणि तिसरं मत सगळ्यांत दुखरं होतं: “गेली ती गेली, मग आईला फोन कशाला केला?” चित्रपटात त्या फोननंतरच भाऊ आणि नातेवाईक तिच्या दारात येतात, आईनं पाठवलेल्या वस्तू घेऊन. आर्ची चहा ठेवते. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

यावर एक बाई म्हणाली, “आपल्या वेळी माहेरच्या साडीसाठी जीव टाकायचो. हिच्या घरी माहेरचा आहेर आला आणि जीव घेऊन गेला.” दोन चित्रपटांमध्ये पंचवीस वर्षांचं अंतर. कुठल्याही परीक्षणात वाचली नव्हती अशी ओळ दहावी नापास बाई सतरंजीवर बसून बोलून गेली.

पण त्याच बैठकीत आणखी एक मत आलं, आणि तेही इथं लिहिलं पाहिजे. एक जण शांतपणे म्हणाली, “बापाचं तरी काय चुकलं? त्याला गावात तोंड दाखवायचं होतं.” तिला दोघीतिघींनी मान हलवून साथ दिली.

आता हे ‘एक मत’ म्हणून सोडून देता येतं का? आपण नाशिकच्या आहोत. २०१३ साली याच शहरात एका बापानं आंतरजातीय लग्न केलेल्या आपल्या गरोदर मुलीला घरच्या आजारपणाचं कारण सांगून बरोबर नेलं आणि गळा आवळून मारलं. त्यातून जातपंचायतींच्या दहशतीविरुद्ध महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची मोहीम नाशिकमधून उभी राहिली, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ साली मंजूर होऊन २०१७ साली लागू झाला. त्या मुलीलाही आपल्या माणसानंच बोलावलं होतं. म्हणून ‘बापाचं काय चुकलं’ हे मत सिनेमापुरतं राहत नाही. ते एखाद्या घरात, एखाद्या रात्री, निर्णय होऊन बसतं.

मी त्या बाईला गप्प केलं नाही. एवढंच विचारलं, “तोंड दाखवायचं होतं ते कुणाला?” नावं निघायला लागली. भावकी, पंच, गावचे पुढारी. “यातल्या कुणी तुमच्या पोरीच्या बाळंतपणाला पैसे दिले का?” ती हसली. त्या दिवशी तिचं मत बदललं असा दावा मी करत नाही. पण चार महिन्यांनी तिच्याच नात्यातली एक मुलगी घरातून निघून गेली, तेव्हा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “ताई, पोरगी सुखरूप राहील असं काही करता येतं का? घरात पोरं तापलीत.” सिनेमावर भांडण झालं नसतं तर ती कुणाकडे गेली असती, मला सांगता येत नाही.

भारी कुणाचं बाईपण?

२०२३च्या जूनअखेरीस केदार शिंदेंचा ‘बाईपण भारी देवा’ लागला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून, गटागटानं थिएटरात गेल्या आणि पडद्यासमोर फुगड्या घातल्या. पूर्वी ‘सर्कल’, ‘विजयानंद’मध्ये नवऱ्याच्या किंवा दिराच्या सोबतीनं गेलेल्या बायका या वेळी पुरुषांना घरी ठेवून गेल्या. रजोनिवृत्तीवर चारचौघींत बोलल्या. ही लहान गोष्ट नाही, आणि ‘हा काही स्त्रीवादी चित्रपट नव्हे’ म्हणून तिच्याकडे नाक मुरडून बघण्यात शहाणपण नाही.

पण आमच्या गटातल्या विधवा बायका त्या सहलीला आल्या नव्हत्या. का, ते विचारल्यावर एक जण म्हणाली, “मंगळागौर सवाष्णींची. तिथं आम्ही काय करायचं?” दुसरीनं विचारलं, “आणि आमच्याकडं कुठं होती मंगळागौर? आमच्या आया सावडणीला जायच्या.” नवरा आणि जात, दोन्ही प्रश्न दोन वाक्यांत आले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२मध्ये विधवांबाबतच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. त्याची माहिती आम्ही पत्रकातून दिली होती, कुणी वाचली नव्हती. या सिनेमाच्या निमित्तानं ती वाचली गेली. त्या वर्षीचं हळदीकुंकू आम्ही ‘तीळगूळ-भेट’ म्हणून सगळ्यांसाठी केलं.

‘सिनेमाच तर आहे’

आता पुरुषांच्या बाजूचं. ‘कबीर सिंग’ २०१९ला आला, ‘अ‍ॅनिमल’ २०२३ला. प्रेयसीला थोबाडीत मारणारा नायक, बाईला बूट चाटायला सांगणारा नायक. वस्तीतल्या किशोरवयीन मुलांच्या गटात या दोन्हींवर बोलणं काढलं की एकच उत्तर येतं, “मॅडम, सिनेमाच तर आहे.” आणि लगेच त्याच तोंडानं, “पण भाऊ असाच पाहिजे!”

सिनेमा बघून मुलगा मारायला शिकतो, असं मी म्हणत नाही. मारायला तो घरात शिकतो. सिनेमा त्याला त्या मारण्याला प्रेम म्हणायला शिकवतो. सल्ला केंद्रात येणाऱ्या कोवळ्या पोरी हल्ली सांगतात, “तो खूप पझेसिव्ह आहे ना, म्हणून.” हा शब्द त्यांच्या आयांकडे नव्हता. आयांना मार हा मारच वाटायचा. म्हणून या सिनेमांवर बंदी मागण्यापेक्षा मुलांना आणि मुलींना एकत्र बसवून ‘ती तिथून निघून का गेली नाही?’ एवढा एक प्रश्न टाकणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. मुली उत्तर देतात. मुलं पहिल्यांदाच ऐकतात.

मग करायचं काय?

काही मैत्रिणी म्हणतील, सिनेमा हा बाजार आहे, आपण त्याची जाहिरात कशाला करायची? बाजार तर आहेच. पण बायका तिथं आधीच जाऊन आल्या आहेत, आपण नेलं नाही. ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३पासून गावोगावी झालं, तेव्हा प्रयोगानंतर बायका बोलत्या व्हायच्या हे जुन्या कार्यकर्त्यांनी पाहिलं आहे. तेच काम आता दुसऱ्याच्या खर्चानं केलेल्या चित्रपटावर करता येईल.

शिवाय घाई केली पाहिजे, कारण एकत्र बघणं कमी होतंय. मल्टिप्लेक्सचं तिकीट आणि रिक्षाभाडं धरलं तर कंत्राटी कामगार बाईचा दिवसाचा रोज जातो. म्हणून ती आता रात्री सगळं आवरल्यावर मोबाइलवर, कानात घालून, एकटी बघते. २०२५च्या फेब्रुवारीत ‘मिसेस’ असाच बघितला गेला. स्वयंपाकघरात जिरून जाणाऱ्या सुनेची गोष्ट, एका मल्याळी चित्रपटावरून केलेली. एक जण म्हणाली, “तिला नोकरी करू दिली नाही म्हणून ती रडते. मी नोकरी करून हेच सगळं करते, माझ्यावर कोण सिनेमा काढणार?” हे ती मला रस्त्यात भेटली म्हणून बोलली. नाहीतर मनातच राहिलं असतं.

आमच्या अनुभवातून काही गोष्टी सुचवते.

महिन्याच्या एका बैठकीत अर्धा तास सिनेमासाठी ठेवा, सुरुवातीला, थकवा यायच्या आधी. चित्रपट चांगला की वाईट हे विचारू नका, त्यावर दोन वाक्यांत बोलणं संपतं. ‘तिच्या जागी तू असतीस तर?’, ‘तिला कोण मदत करू शकलं असतं?’, ‘तिथं नसलेली बाई कोण?’ असे प्रश्न विचारा. ‘तुझ्या घरी असं होतं का?’ हे चारचौघींत कधीही विचारू नका. जिला सांगायचं आहे ती नंतर मागे रेंगाळते. तिच्यासाठी एक कार्यकर्ती मोकळी ठेवा. कार्यकर्तीनं आपलं मत शेवटी सांगावं, पण सांगावं जरूर. ‘बापाचं काय चुकलं’ असं कुणी म्हणालं आणि आपण नुसती मान डोलावली तर ते मत आपलंही होतं.

आणि माहिती हाताशी असू द्या. महिलांसाठीची १८१ आणि पोलिसांची ११२ ही हेल्पलाइन, २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, मर्जीनं लग्न करणाऱ्या जोडप्यांना संरक्षण देण्यासाठी जिल्ह्या-जिल्ह्यांत विशेष कक्ष हवेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८चा आदेश. तुमच्या जिल्ह्यात हा कक्ष कुठं आहे, तिथला फोन कुणी उचलतं का, हे ‘सैराट’वर चर्चा ठेवायच्या आधी एकदा जाऊन बघा. आर्चीविषयी बायका बोलायला लागल्या की त्यांच्यातली एखादी हा पत्ता मागणार आहे, आणि तेव्हा तो आपल्या वहीत लिहिलेला असला पाहिजे.

तुमच्या गटात कोणत्या चित्रपटावरून सगळ्यांत मोठं भांडण झालं? कोण काय म्हणालं? जसं बोललं गेलं तसंच, त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा. पुढच्या अंकासाठी आपण ते एकत्र करू.